तारखेची जागा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वैजयंती डोंगरेने कारखान्याच्या फाटकावरच्या फलकावर स्वतःचं नाव वाचलं. तारीख एकोणीस जून. तिच्या डिप्लोमाचा निकाल लागायला अजून अकरा दिवस होते.

फलक जुनाच होता. निळा पत्रा, पांढरी अक्षरं. पहिल्या ओळीत मालक, दुसऱ्या ओळीत व्यवस्थापक, तिसऱ्या ओळीत कामगार कल्याण अधिकारी. मार्चपासून तिसऱ्या ओळीपुढे निळ्या रंगाचा एक पट्टा तेवढा ओढलेला होता. आता त्या पट्ट्यावर ‘सौ. वैजयंती शि. डोंगरे’ असं लिहिलं होतं. पेंटरने रंगाचा एकच हात मारला असावा, कारण तिच्या नावाखालून आधीच्या माणसाच्या नावातला ‘गु’ अजून दिसत होता.

मोहोळहून येणारी कारखान्याची बस रिकामी होऊन मागे वळली. फाटकावरचा पहारेकरी सयाजी खुर्चीतून उठला. बारा वर्षांत तो तिच्यासाठी कधी उठला नव्हता.

“काल सांच्याला पेंटर आलता,” तो म्हणाला. “आता सिस्टर म्हनून चालायचं न्हाय. मॅडम म्हनाया पायजे.”

“अजून निकाल लागला नाही, सयाजीकाका.”

“निकालाचं आमाला काय कळतंय? पत्र्यावर आलं म्हंजी झालं की.” मग त्याने फलकाकडे बघत मिशीवरून बोट फिरवलं. “पर एक हाय. मालकाचं नाव हितं वीस वरसं हाय. मॅनेजरचं बी धा झाली. तिसरं नाव मातर लई टिकत न्हाय बगा.”

तो हसला. थट्टाच होती. वैजयंती हसली नाही. आत जाऊन तिने दवाखान्याचं कुलूप काढलं, डायरी उघडली आणि सवयीप्रमाणे वेळ टाकली: ७.२०.

चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतला हा टॉवेलचा कारखाना. विणाई, रंगाई, शिलाई मिळून सहाशेच्या वर माणसं. वैजयंती इथली परिचारिका. मागात सापडलेलं बोट, वाफेने पोळलेला दंड, उन्हाने आलेली भोवळ, सगळं आधी तिच्या टेबलावर यायचं. ती पट्टी बांधायची आणि डायरीत लिहायची. वेळ, नाव, विभाग, काय झालं, काय केलं, खाली सही आणि सहीखाली हुद्दा. वेळ टाकल्याशिवाय तिने एकही ओळ कधी लिहिली नव्हती. रंगाई विभागात हातमोजे द्यावेत, असं तिने याच डायरीत सात वेळा लिहिलं होतं. सातही वेळा कुणी वाचलं नव्हतं.

एचआरमध्ये जायचं, हे तिच्या डोक्यात त्यातूनच शिरलं. पट्टी बांधणारी बाई जखमेनंतर पोचते. तिला आधी पोचायचं होतं.

नर्सिंगनंतर मुक्त विद्यापीठातून ती बी.ए. झाली होती. त्यामुळे गेल्या वर्षी जूनमध्ये तिच्यापुढे तीन वाटा होत्या. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, एक वर्षाचा डिप्लोमा, दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. वय सदतीस. नवरा शिवराज मोहोळमध्ये बियाण्यांचं दुकान चालवायचा. तो म्हणाला, “सहा महिन्याचं कर की. बाकीचं नंतर बघू.” ती मुरारजी पेठेत वेणीमाधव सरांकडे गेली. सर कामगार कार्यालयातून निवृत्त झालेले, डिप्लोमाच्या वर्गाला कायदा शिकवायचे, आणि स्वतःच्या वर्गाची शिफारस सहसा करायचे नाहीत.

“सहा महिन्यांचं केलंस, तर फायली लावशील,” ते म्हणाले. “कुणी काही विचारणार नाही. एक वर्षाचं केलंस, की तू नियमात बसतेस. पाचशेच्या वर माणसं असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी ठेवावाच लागतो, आणि त्याला तेवढं शिक्षण पुरतं. म्हणजे तुझी सही मागायला लागतील. दोन वर्षांचं कर. त्यात दुसरं वर्ष प्रत्यक्ष कारखान्यांत काढावं लागतं. सही कुठे द्यायची नाही, ते तिथेच शिकतात.”

तिला ते पटलं होतं. पण दोन वर्षं रजा मिळणार नव्हती. आणि कारखान्याचे एचआर प्रमुख अण्णाराव एके दिवशी स्वतःहून दवाखान्यात आले. ते सहसा दवाखान्यात येत नसत.

“सिस्टर, डिप्लोमा करा,” ते स्टुलावर बसत म्हणाले. “शनिवार-रविवारचा वर्ग. तुमची पाळी मी लावून देतो. दोन वर्षांचं भूत उतरवा डोक्यातून. आपल्याला नियमात बसणारा माणूस पाहिजे, प्रोफेसर नको.”

आपल्याला, असं ते म्हणाले. तेव्हा तिला ते बरं वाटलं होतं. गुरुशांत बिराजदार हा कल्याण अधिकारी त्या वेळी कामावर होता, त्याची खुर्ची भरलेली होती. मग दुसरा माणूस कशाला पाहिजे, हे तिने विचारलं नाही.

तिने डिप्लोमा घेतला. यंदाच्या मार्चमध्ये गुरुशांत गेला. पुण्याला चांगली नोकरी लागली, असं सांगण्यात आलं. चोवीस मेला तिचा शेवटचा पेपर झाला. त्याच संध्याकाळी अण्णारावांनी तिला कारखान्यात बोलावून एक पत्र पुढे ठेवलं. ‘निकालाच्या अधीन राहून’ कामगार कल्याण अधिकारी म्हणून रुजू होण्याचं पत्र. तिने सही केली आणि हाताला लागलेल्या सवयीने पेन तारखेच्या जागेवर नेलं.

“राहू द्या,” अण्णाराव म्हणाले. “तारीख मी टाकतो, निकाल लागला की. सगळ्यांचं असंच करतो आपण.”

खरंच सगळ्यांचं तसं व्हायचं. शिलाईतल्या बायका, कंत्राटी माणसं, सगळे कोऱ्या तारखेवर सह्या करून आत आलेले. बारा वर्षं मिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या वैजयंतीने त्या दिवशी तारखेची जागा कोरी सोडली.

अकरा जूनला सकाळी रंगाईमागच्या सांडपाण्याच्या टाकीत गाळ काढायला ईरप्पा नावाचा कंत्राटी कामगार उतरला. मैंदर्गीचा, चाळिशीतला. अकरा चाळीसला चौघांनी त्याला वैजयंतीच्या टेबलावर आणून टाकलं. ओठ निळे, नाडी लागत होती, शुद्ध नव्हती. अंगाला सडक्या अंड्यासारखा वास. टाकीतल्या गॅसचा. तिने ऑक्सिजन लावला, गाडी बोलावली, आणि गाडी गेल्यावर डायरी लिहिली. सही केली. खाली लिहिलं: परिचारिका.

त्यानंतर आठ दिवसांनी फलकावर तिचं नाव आलं.

दहा वाजता अण्णारावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक छोटी डबी होती.

“उघडा की. तुमच्याचसाठी आहे.”

आत रबरी शिक्का होता. तिचं नाव, खाली कामगार कल्याण अधिकारी. डबीतल्या पॅडवरची शाई ओली होती.

“साहेब, निकाल तीस तारखेला आहे.”

“तुम्ही नापास होणार आहात का?” अण्णाराव मवाळपणे म्हणाले. “पहिल्या सहामाहीत वर्गात पहिल्या आलात. मी चौकशी केली ना.” त्यांनी एक फाईल तिच्याकडे सरकवली. वर तिचं पत्र होतं. तारखेच्या जागी निळ्या पेनने लिहिलं होतं: १ जून.

वैजयंतीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “एक जूनला रविवार होता. कारखाना बंद होता.”

“पगार एक तारखेपासून धरायचा म्हणून. तुमच्याच फायद्याचं आहे.”

“आणि हे?”

पत्राखाली टाकीत उतरण्याचा परवाना होता. अकरा जूनचा. या कारखान्यात टाकीत माणूस उतरवण्याआधी तीन सह्या लागत. फोरमनची, व्यवस्थापकांची आणि कल्याण विभागाची. दोन होत्या. तिसरी जागा रिकामी होती.

“येत्या एक तारखेला कारखाना निरीक्षक येणार आहेत,” अण्णाराव म्हणाले. “तोवर कागद पुरे असले पाहिजेत. इथे एक सही, बाजूला शिक्का. बास.”

“त्या दिवशी मी दवाखान्यात होते, साहेब. मला कुणी विचारलंच नव्हतं.”

“दवाखाना कुठल्या विभागात येतो? कल्याण विभागातच ना?” त्यांनी आणखी एक कागद काढला. तीन जूनच्या कँटीन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. खाली ‘कल्याण विभाग’ या रकान्यात तिचीच सही. सराव होईल, बसा बैठकीला, असं त्या दिवशी त्यांनीच सांगितलं होतं, आणि तिने जरा ऐटीतच सही केली होती. “हे तुम्हीच ना?”

तिच्या लक्षात आलं ते असं. तिसरी जागा रिकामी राहिली, तर परवानगी पुरी नसताना व्यवस्थापकांनी माणूस खाली उतरवला असं ठरतं. तिथे तिची सही आली, तर कल्याण अधिकाऱ्याने तपासून हो म्हटलं असं ठरतं. माणूस तोच, टाकी तीच. फक्त उत्तर द्यायला दुसरा कुणी उभा राहतो.

“विचार करते,” ती म्हणाली.

“करा की. मॅडम झालात आता, विचार करायलाच पाहिजे.” त्यांनी डबी तिच्या हातात दिली. “आणि हे असू द्या जवळ.”

दवाखान्यात परत येऊन तिने डायरीचं अकरा जूनचं पान उघडलं आणि मोबाईलने त्याचे दोन फोटो काढले. एक पूर्ण पानाचा, एक नुसत्या सहीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आली, तर टेबलावर नवी कोरी डायरी होती. जुनी रेकॉर्डला नेली, असं शिपायाने सांगितलं. रेकॉर्डची किल्ली अण्णारावांकडे असते, हे तिने विचारण्याची गरज नव्हती.

शनिवारी ती सोलापुरात इस्पितळात गेली. ईरप्पा श्वासाच्या यंत्रावर होता. बाहेरच्या बाकावर त्याची बायको निंगव्वा बसली होती. पिशवीत फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या. वैजयंतीला पाहून ती उठली नाही, सरकून जागा दिली.

“अक्का, तुमी आता साहेब झालाव म्हनं.”

“कुणी सांगितलं?”

“त्येच आलतं की, अण्णाराव. म्हनले, आता सगळं डोंगरे मॅडम बगत्यात, काय इचारायचं ते त्यास्नी इचार.” निंगव्वाने पिशवीची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली. “मंग तुमीच सांगा. आमचे ह्ये म्हनत हुते, दोर बांदल्याबिगर उतरनार न्हाय. सकाळी जाताना मला बोलून गेलते. मंग खाली कुनी उतरिवलं?”

“मी नाही, निंगव्वा.”

“मी कुटं म्हनते तुमी? पर सायबाचं नाव लिवलंय म्हने भाईर. आमाला वाचाया येत न्हाय. ज्याचं नाव, त्यालाच इचारनार की आमी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वैजयंतीला सोपं गेलं असतं.

गुरुशांतचा नंबर मिळायला तीन दिवस लागले. विणाईतल्या एका जुन्या जॉबरकडे, म्हणजे मुकादमाकडे, तो नंबर होता. गुरुशांत पुण्यात नव्हता. वळसंगला, स्वतःच्या गावी होता, आणि मार्चपासून घरीच होता.

“गेल्या वर्षी मेमध्ये पहिल्यांदा तो टाकीचा परवाना माझ्यापुढे आला,” तो फोनवर म्हणाला. “मी म्हटलं, आधी गॅस तपासा, वर दोर धरून माणूस उभा करा, मग सही. अण्णाराव म्हणाले, बघू. नंतर दर वेळेला बघू, बघू. मी सही केली नाही ओ. शेवटी त्यांनीच मला जा म्हणून सांगितलं.”

“गेल्या वर्षी मेमध्ये?”

“व्हय. का?”

अण्णाराव तिच्या दवाखान्यात स्टुलावर येऊन बसले होते ते जूनमध्ये. गुरुशांत नाही म्हणाला, त्यानंतर महिन्याभराने. दोन वर्षांची पदवी त्यांना का नको होती, ते तिला आत्ता कळलं. एवढी वाट बघायला त्यांना वेळ नव्हता. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र चाललं नसतं. एक वर्ष, बरोबर एक वर्ष लागणार होतं.

“मॅडम,” गुरुशांत म्हणाला, “तुमच्याकडून कोऱ्या तारखेच्या पत्रावर सही घेतली का ओ?”

 

सव्वीस तारखेला ती वेणीमाधव सरांसमोर बसली होती. सरांनी मोबाईलवरचा फोटो मोठा करून सगळं पान वाचलं, मग चष्मा काढला.

“पेपर कसा गेला होता तुला?”

“चांगला. पाचवा प्रश्न कल्याण अधिकाऱ्याच्या कर्तव्यांवर होता. सात पानं लिहिली मी.”

“हं.” सरांनी मोबाईल तिला परत दिला. “पत्र निकालाच्या अधीन आहे. नापास झालीस, तर ते पत्र रद्दी. मग एक जूनही नाही आणि अकरा जूनही नाही. जागा रिकामी होती, असंच राहील.”

“आणि पास झाले तर?”

“तर तुला सिद्ध करत बसावं लागेल, की ती सही कोऱ्या तारखेवर केलीस. कोऱ्या तारखेवर सही केली, असं म्हणणाऱ्या कल्याण अधिकाऱ्याला कोण काय म्हणेल?” त्यांनी टेबलावरचा कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. “निकाल तुझ्या हातात नाही. अर्ज आहे. निरीक्षक कार्यालयात दे. जे झालं ते, तारीख-वेळेसह. आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.”

“सर, तुम्ही म्हणाला होतात, दोन वर्षांचं कर.”

“म्हणालो होतो,” सर म्हणाले. “पण दोन वर्षांचं केलं असतंस, तर त्यांनी दुसरं कुणी शोधलं असतं. ईरप्पा टाकीत उतरलाच असता.”

ही गोष्ट तिने याआधी मनात येऊ दिली नव्हती.

सत्तावीस जून, दुपारी बारा वाजून पाच मिनिटं. कार्यालयाच्या खिडकीवरच्या कारकुनाने तिचा दोन पानी अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत दिला.

“हुद्दा राहिला. नावाखाली हुद्दा लिहा.”

तिच्या पर्समध्ये शिक्क्याची डबी होती. आठ दिवस ती घेऊन हिंडत होती. घरी ठेवावी तर शिवराज विचारील, कारखान्यात ठेवावी तर दुसरं कुणी वापरील. तिने पेन घेतलं आणि लिहिलं: परिचारिका. पुढे तारीख, पुढे वेळ. कारकुनाने शिक्का मारून क्रमांक टाकला आणि तिची प्रत तिला दिली. बाहेर ऊन इतकं होतं की कागदावरची अक्षरं दिसेनात.

तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी निकाल लागला. शिवराजने दुकानातून फोन केला. त्याने तिच्याआधीच बघितला होता.

“प्रथम श्रेणी की गं. पेढे घेऊन येतो.”

“आणू नका,” ती म्हणाली.

“का? काय झालं?”

“घरी आल्यावर सांगते.”

पाच चाळीसला दुसरा फोन आला. “अभिनंदन, मॅडम,” अण्णाराव म्हणाले. “मी म्हटलं होतं ना? उद्या साडेदहाला निरीक्षक येतायत. शिक्का विसरू नका.” अर्जाबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांना ते माहीत होतं की नव्हतं, हे आवाजावरून कळत नव्हतं.

एक जुलैला सात वाजून आठ मिनिटांनी ती फाटकावर पोचली. तिच्या नावावर रंगाचा दुसरा हात मारलेला होता. खालचा ‘गु’ आता दिसत नव्हता. नावापुढे डिप्लोमाची आद्याक्षरं नव्याने लिहिली होती आणि शेवटच्या अक्षराखाली पांढऱ्या रंगाचा एक ओघळ उतरला होता. सयाजी उठून उभा राहिला. या वेळी त्याने काही थट्टा केली नाही.

साडेदहाला जीप आली. अकरापर्यंत व्यवस्थापकांच्या खोलीचं दार बंद होतं. वैजयंती पांढऱ्या कोटात शिलाईतल्या एका मुलीच्या अंगठ्यातून सुई काढत होती, तेव्हा शिपाई दारात आला.

“मॅडम, तुमास्नी आत बोलीवलंय.”

“कुणी?”

“निरीक्षक सायबानी. म्हनले, कल्याण अधिकाऱ्याला बोलवा. त्यांच्यापुढं दोन कागद हायेत.”

“कसले?”

“ते मला काय ठावं?”

तिने पट्टी पुरी केली. हात धुतले. नवी डायरी उघडून वेळ, मुलीचं नाव, विभाग, जखम, उपचार लिहिले, सही केली, खाली हुद्दा घातला. पर्समधून डबी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि औषधांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. अर्जाची प्रत कोटाच्या खिशात घातली. तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. निंगव्वा होती. डॉक्टर काय म्हणाले, असं वैजयंतीने विचारलं.

“कालच्यासारखंच हाय म्हनले. डोळं उगडलं न्हाईत.”

फोन ठेवून तिने डायरीत आणखी एक ओळ लिहिली: ‘११.३२. आत बोलावणं आलं. जाते.’

त्या पानावर त्याच्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.